वर्गापुरती दिलेली कुंभारीण

श्रीलक्ष्मीचा धडा रविवारी दुपारी सुरू व्हायचा. शाळेत तो आठवड्यात कधीतरी शिकवला जाई, पण खरं काम रविवारचं. चामराजपुरमच्या घरात जेवणाचं टेबल स्वच्छ पुसून ती लॅपटॉप उघडून बसे आणि चित्रं शोधू लागे.

तिचा नवरा विजयेंद्र वर्तमानपत्राआडून बोले, "एका मुंगीला एवढा वेळ? नुसतं मुंगी म्हण, हजार मुंग्या येतात."

"येतात. पण कुणाच्या आहेत ते बघायला नको?"

"मुंग्या कधी कुणाच्या असतात का?"

"मुंगी नसते. फोटो असतो."

"सुम्ने डोकं शिणवतेस बघ."

सुम्ने म्हणजे उगीच. चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या घरांतलं मराठी असंच असतं. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडात जाऊन टेकतं.

सरस्वतीपुरमच्या एका खासगी शाळेत श्रीलक्ष्मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा बाकीच्या शिक्षकांना वाटलं, सुटलो. हिचं काम मात्र वाढलं. चित्र दिसलं की उचललं, असं तिनं कधी केलं नाही. आधी मूळ पान शोधायचं. इंटरनेटवर पहिल्यांदा समोर येतं ते पुष्कळदा एकानं काढलेलं, दुसऱ्यानं उचललेलं आणि तिसऱ्यानं कापलेलं असतं. मूळ माणूस सापडला की त्यानं काय मुभा दिली आहे ते वाचायचं. कुणी म्हणतो, घ्या, फक्त माझं नाव लिहा. कुणी म्हणतो, घ्या, पण विकू नका. कुणी काहीच म्हणत नाही. त्यानं काही म्हटलं नाही म्हणजे ते फुकट झालं, असं नव्हे. वर्गात शिकवताना दाखवण्यापुरती कायदा शिक्षकाला मोकळीक देतो, हे तिला ठाऊक होतं. पण तिचा नियम कायद्याहून कडक होता. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव हवं, आणि शंका असेल तिथं विचारून घ्यायला हवं. उत्तर आलं नाही तर ते चित्र सोडून द्यायचं.

चिदंबर तिला असा विचारल्यावरच भेटला.

कुंभारीण नावाची एक गांधीलमाशी असते. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडातून आणून ती लहानसं मडकं घडवते, त्यात अंडं घालते, पिलासाठी अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. श्रीलक्ष्मीला ती मुलांना दाखवायची होती. एका साइटवर तिला हवी तशीच चित्रं दिसली, पण लहान आकाराची, वर मालकीची खूण उमटवलेली. खाली गावाचं नाव म्हैसूर. तिनं इमेल केली. उत्तर आलं नाही, फोन आला.

"मेडम, कशाला पाहिजे? कॅलेंडरला?"

"नाही हो. सातवीच्या पोरांना."

चिदंबर म्हैसूरलगतच्या हूटगळ्ळीत एका कारखान्यात फिटर होता. त्याच्या शेजारच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या खिडकीत कुंभारणीनं मडकं करायला घेतलं, ते यानं हेरलं. पहिली पाळी संपवून यायचं, पाण्याच्या ड्रमवर उभं राहायचं, कॅमेरा हातात धरून वाट बघायची. माशी यायची, गोळी लावून जायची. परत कधी येईल याचा नेम नाही. उतरलं की माशी बिचकते, म्हणून उतरायचं नाही. पोटऱ्या भरून यायच्या. अळी मडक्यात ढकलतानाचं जे एक चित्र त्याला मिळालं, ते असं उभं राहून मिळालं होतं.

श्रीलक्ष्मी बसनं हूटगळ्ळीला जाऊन ती भिंत बघून आली. मग चिदंबर तिचा वर्ग बघायला आला. मागच्या बाकावर बसून त्यानं एक तास ऐकला. जाताना म्हणाला, "मोठी, स्वच्छ चित्रं तुम्हाला देतो. आजवर कुणाला दिली नाहीत. एकदा एकानं माझं चित्र माझं नाव कापून छापलं. विचारायला गेलो तर म्हणाला, तुमचं कशावरून? म्हणून सांगतो, वर्गापुरती. छापायची नाहीत."

"छापणार नाही. माझा शब्द."

तिनं प्रत्येक चित्राच्या तळाला पट्टी बसवली. चिदंबर, हूटगळ्ळी. मुलांनी माशीबरोबर ते नावही वाचलं. एका मुलीनं तर हूटगळ्ळीला आपली आत्या राहते, असं उठून सांगितलं.

त्याच वर्षी शाळेत आभा आली. नाशिकची, पोरसवदा. नवऱ्याची नोकरी इथं, म्हणून ही इथं. कन्नडचा गंध नाही. पहिले काही दिवस स्टाफरूमच्या कोपऱ्यात एकटीच डबा खायची. एकदा श्रीलक्ष्मी फोनवर विजयेंद्रला "दूध उतू जाईल, बघ" म्हणाली आणि आभानं घास तसाच ठेवला.

"तुम्ही मराठी?"

"हौदु! म्हणजे हो गं. ये, इकडं बस."

त्या दिवसापासून ती मावशी झाली. श्रीलक्ष्मीनं तिला भाजीवाल्याशी बोलायचे आकडे शिकवले, रिक्षावाल्याशी भांडायचे शब्द शिकवले, पाडव्याला घरी जेवायला बोलावलं. चित्रं कशी शोधायची, परवानगी कुठं लिहिलेली असते, नाव कुठं घालायचं, हेही शेजारी बसवून दाखवलं. आभा हुशार होती. तोंडानंही तिखट.

"मावशी, तुमचं मराठी म्हणजे बिसिबेळे भात. डाळ, तांदूळ, भाजी, सगळं एकात."

"खाऊन पोट भरतं ना? मग आय्तु, झालं."

दोघी हसत. स्टाफरूममध्ये ही त्यांची स्वतःची बोली होती. मुलीशी बोलावं तसं श्रीलक्ष्मी तिच्याशी बोले.

मग संस्थेची माणसं वर्ग बघायला येणार असं ठरलं. आभा घाबरली.

"मावशी, तुमचा कुंभारणीचा धडा द्या ना. माझी नोकरी अजून कच्ची आहे."

श्रीलक्ष्मीनं एक दिवस विचार केला. आभाचाही वर्ग सातवीचाच, फक्त तुकडी वेगळी. वर्ग तो वर्गच, असं तिनं स्वतःला समजावलं. मधल्या सुट्टीत, टेबलाशी बसून, पेन ड्राइव्ह हातात देताना ती म्हणाली, "नीट ऐक. ही चित्रं वर्गापुरती. छापायची नाहीत, कुणाला पाठवायची नाहीत, खालचं नाव काढायचं नाही. मी त्या माणसाला शब्द दिलाय."

"मावशी, मी काय परकी आहे?"

समोर कन्नड शिकवणारी नागरत्ना संत्रं सोलत होती. "काय चाललंय तुमचं? मराठीत आमची चहाडी तर नाही ना?" असं कन्नडात म्हणून तिनं दोघींच्या हातावर फोडी ठेवल्या.

आभाचा वर्ग छान झाला. सगळ्यांनी वाखाणला. श्रीलक्ष्मीला स्वतःचा झाल्यासारखा आनंद झाला.

पुढं शाळेनं एक उपक्रमपुस्तिका काढायची ठरवली. छापायची, पालकांना विकायची, संस्थेच्या इतर शाळांतही पाठवायची. मुख्याध्यापक उपेंद्र सरांनी प्रत्येकाकडून धडे मागवले. श्रीलक्ष्मीनं दिले, पण कुंभारीण त्यात नव्हती. छापायला आणि विकायला मुभा असलेलीच चित्रं तिनं शोधून घातली. त्यात तिचे तीन रविवार गेले. कुंभारीण का नाही, असं सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती माझी नाही, सर."

पुस्तिका शाळेत वाटली गेली तेव्हा ती तापानं घरी होती. पहिली प्रत तिनं बघितली ती चिदंबरच्या हातात. तो दारात उभा होता.

"या, या. कॉफी टाकते."

"कॉफी नको, मेडम." त्यानं पुस्तिका टेबलावर ठेवली. "आमच्या शिफ्टमधल्या एकाची मुलगी तुमच्या शाळेत आहे. त्यानं आणून दिली. म्हणाला, बघ, तुझी माशी."

मुखपृष्ठावर कुंभारीण होती. मडक्याच्या तोंडाशी वाकलेली, हिरवी अळी आत ढकलणारी. सवयीनं श्रीलक्ष्मीची नजर आधी तळाशी गेली. पट्टी नव्हती. पट्टी कापताना मडक्याचं बूडही कापलं गेलं होतं. आत, पहिल्याच पानावर छापलं होतं: संकल्पना आणि छायाचित्रं, आभा.

"हे मी दिलेलं नाही," ती म्हणाली.

"मग कुणी दिलं? मोठं चित्र मी तुम्हालाच दिलं होतं. जगात दुसऱ्या कुणाकडे नाही."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तो पुस्तिका तिथंच ठेवून गेला.

ताप उतरायची वाट न बघता ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. उपेंद्र सरांच्या खोलीत आभा आधीच बसली होती. तिथं बोलणं इंग्रजीत चाललं.

"मॅडमनीच मला फाइल दिली, सर," आभा म्हणाली. मावशीची मॅडम झाली होती. "वापर म्हणाल्या. मी वापरली."

"मी अट घातली होती," श्रीलक्ष्मी म्हणाली. "छापायचं नाही. नाव काढायचं नाही."

"अशी काही अट मला आठवत नाही. नाव छपाईवाल्यानं कापलं असेल. आणि छायाचित्रं आभा, हेही त्यानंच जोडलं."

"आभा, स्टाफरूममध्ये सांगितलं मी तुला. नागरत्ना समोर होती."

सरांनी नागरत्नाला बोलावलं. ती आली, दोघींकडे बघितलं आणि साडीचा पदर सारखा करत उभी राहिली. खोटं बोलणारी बाई नव्हती ती.

"बोलत होत्या, सर. पेन ड्राइव्ह दिला तो मी बघितला. पण त्यांच्या मराठीत बोलत होत्या. मला काय कळणार?"

भरल्या स्टाफरूममध्ये, दहा माणसांत श्रीलक्ष्मीनं ती अट घातली होती आणि तिला साक्षीदार एकच होता. तो समोरच्या खुर्चीत बसला होता.

आभा जरा पुढं झुकली. "आणि सर, खरं सांगायचं तर मॅडमचं मराठी पूर्ण मराठी नाही. निम्मं कन्नड असतं. त्या काही बोलल्या असतील तर मलाच कळलं नसेल."

उपेंद्र सर हसले. म्हणजे प्रश्न सुटला असं त्यांना वाटलं. "गैरसमज झाला, एवढंच. श्रीलक्ष्मी मिस, तो माणूस तुमच्या ओळखीचा. फाइलही तुमच्याकडून गेली. तुम्हीच त्याची माफी मागा. पुढच्या छपाईत नाव घालू. वाटलेल्या प्रती आता कुठं गोळा करणार?"

"आणि जिनं कापलं ती?"

"कुणी कापलं, हे सिद्ध कुठं झालंय?"

बाहेर व्हरांड्यात आभा मागून धावत आली. इथं पुन्हा मराठी सुरू झालं. "मावशी, रागावू नका ना. मला कायम व्हायचंय. तुमचं काय, तुम्ही जुन्या. तुम्हाला कोण काढतंय?"

"काय बोललीस आत, ते तुझं तुला कळलं का?"

"मावशी, तेवढं चालतं हो."

"मॅडम म्हण," श्रीलक्ष्मी म्हणाली. "आत म्हणत होतीस तेच."

त्या शनिवारी ती बसनं हूटगळ्ळीला गेली. अर्धवट घर आता पुरं झालं होतं. खिडकीला काच होती, भिंतीला गिलावा आणि निळा रंग. चिदंबरनं तिला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसला. तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःला वाचवलंही नाही. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

"खरं बोलताय, हे दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "पण मेडम, चित्रं मी तुम्हाला दिली होती. त्या बाईला तुम्ही दिलीत."

"तिचाही वर्गच होता. मला वाटलं..."

"तिचा वर्ग मला काय माहीत? मी तुमचा वर्ग बघून दिली. बाकावर बसून, तासभर ऐकून."

"आता काय करू, सांगा."

"काढून टाका. तुमच्याकडचीही."

लॅपटॉप तिनं बरोबर आणलाच होता. मांडीवर घेऊन तिनं फोल्डर उघडला. पहिली गोळी. अर्धं मडकं. गळा घडवणारी माशी. हिरवी अळी. लिंपलेलं तोंड. एकेक चित्र ती पुसत गेली. चिदंबर शेजारी वाकून बघत होता, फिटर जोडकाम तपासतो तसा. शेवटचं गेलं तेव्हा त्यानं मान हलवली. राहू दे असं तो मधेच म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. तिच्या बसची वेळ झाली आहे, एवढंच त्यानं सांगितलं.

जूनमध्ये आभा कायम झाली. तिनं स्टाफरूममध्ये म्हैसूरपाक वाटला. श्रीलक्ष्मीपुढं डबा धरला तेव्हा सगळे बघत होते. श्रीलक्ष्मीनं एक वडी उचलली, कागदावर ठेवली आणि तास घ्यायला उठून गेली.

नव्या सातवीला तिनं कुंभारीण शिकवली. त्यासाठी पुन्हा तिचा रविवार गेला. चित्र मिळालं ते दूर देशातल्या एका माणसाचं. त्याची परवानगी पक्की होती आणि नाव खाली स्पष्ट लिहिलं होतं. माशीचा रंग वेगळा होता, मडकंही बसकं.

"मिस, ही इथं दिसते?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"ही नाही. हिच्यासारखी दुसरी असते. आपल्या भिंतींवर घर करते."

"मग तिचं चित्र दाखवा ना."

"तिचं चित्र माझ्याकडे नाही," श्रीलक्ष्मी म्हणाली, आणि तिनं पुढची स्लाइड लावली.