हरकत

अध्यक्षसाहेबांनी माझ्या अर्जावर चहाचा कप ठेवला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

अर्ज साधा होता. एसटी थांब्याजवळ वेल्डिंगचं शेड टाकायचं, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा. नव्वदच्या दशकात आमच्या गावात पंचायतीचे कागद साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या घरच्या सोप्यातूनच पुढं सरकायचे. मी त्याच कारखान्यात वेल्डर. राहायला बुद्धविहाराच्या मागं.

"गावात कारखान्याचा एक भोंगा वाजतोय न्हवं? दुसरा कशाला?" साहेब म्हणाले. "आन तुमच्या वस्तीत मालक कवापास्नं निपजायला लागलं रं?"

सोप्यातली माणसं हसली. मीही हसलो. वर विचारलं, "चहा सांडला न्हाय न्हवं, साहेब?"

काळजी कुणाची, तर चहाची! आजही पोरं मला हे पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि घर खदखदतं. हसू दे. मला तिथंच अजून चटका बसतो.

कागद उचलून घरी आणला. मधोमध चहाचं तांबूस गोल कडं. टाकला नाही. पेटीत ठेवला.

नकार मला एकट्याला नव्हता. शिंप्याला दहा मशिनी बसवायच्या होत्या, गवळ्याला दूध डेअरी काढायची होती. सगळ्यांना हरकत. गावात दुसरं काम मिळालं, तर कारखान्याच्या गेटवर हात जोडून कोण उभं राहणार?

दोन हजार सालानंतर कारखाना बंद पडला. भोंगा थांबला, तेव्हा कळलं की गावाला दुसरं काही येतच नाही. हॉटेल बंद. सायकलचं दुकान बंद. लग्नाच्या तारखासुद्धा आम्ही गळीत हंगाम बघून धरायचो. मी पंचेचाळिशीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हेल्पर झालो. पंचतारांकित म्हटल्यावर बायकोला वाटलं, मी मोठ्या हॉटेलात लागलो.

काही वर्षांनी ग्रामसभेत एक अर्ज आला. गावानं कारखान्याला दिलेल्या गायरानावर साहेबांच्या पुतण्याला मंगल कार्यालय बांधायचं होतं.

सरपंचांनी विचारलं, "कुणाची हरकत न्हाय न्हवं?"

माना खाली. मी उठलो.

"पावणं, तुमचं काय?" साहेब म्हणाले.

अठरा वर्षं यांच्या बॉयलरचे पाइप जोडले, आणि मी पावणा!

चहाच्या कड्याचा तो जुना अर्ज टेबलावर ठेवला. "ह्यावर कप ठेवलासा तुमी. आता माजी हरकत हाय. लिवून घ्या."

"ए, बस की खाली!" साहेब ओरडले.

"न्हाय बसत."

शिंपी उठला. गवळी उठला. मग रांगच्या रांग. अर्ज नामंजूर झाला. साहेबांचं उतरलेलं तोंड मी पोटभर बघितलं. माफबिफ केलेलं नाही. करणारही नाही.

त्या गायरानावर आम्हाला वेगवेगळ्या धंद्यांची शेडं हवीत. एक बुडाला तर सगळं गाव बुडायला नको. ती उभी राहीपर्यंत तो कागद दर ग्रामसभेला माझ्या खिशात असणार. साहेबांच्या घरचं कुणीही त्या जमिनीसाठी उठलं, की मीही उठणार.

हरकत हाय.