आणखी काही सांगायचंय?

माझं काम काय, हे कोणाला सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. सिंगापूरला पाया लेबारच्या ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या लोकांची मतं वाचते, असं म्हटलं की समोरचा आधी हसतो. पण खरंच मी तेच करते. तिकडे अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रचार तापला की लोकांना प्रश्नावली जाते: मत कोणाला देणार, आणि का? ‘कोणाला’ ते मशीन मोजतं. ‘का’ मात्र माणसाला वाचावं लागतं, कारण तिथे लोक मनात येईल ते लिहितात आणि टोमणा मशीनला अजून कळत नाही. आम्ही ते वाचून प्रत्येक उत्तराला एक नंबर देतो. महागाईला एक, स्थलांतराला दोन, उमेदवाराच्या स्वभावाला तीन, असं.

गेल्या निवडणुकीत हे काम मला पहिल्यांदाच मिळालं आणि मी अक्षरशः हरखून गेले. कुठल्याशा गावातली कोण कुठली बाई अंड्यांच्या भावावरून तावातावाने लिहिते, आणि ते मी क्लेमेंटीच्या घरून डब्यात पोळी-भाजी आणून, चहा पीत वाचते! आमचा क्लायंट म्हणजे एका उमेदवाराच्या प्रचाराला सल्ला देणारी मंडळी. त्यांची एकेक चलाखी बघून मी थक्क व्हायचे. एका फेरीत आधी महागाईचा प्रश्न आणि मग उमेदवारांचा, पुढच्या फेरीत उलटं. आधी महागाई विचारली की माणूस चिडतो आणि तो राग सत्तेत असलेल्यांवर निघतो. मग ज्या फेरीत आकडा आपल्या सोयीचा, तिचाच निकाल वर्तमानपत्रांना द्यायचा.

एकदा एका माणसाने लिहिलं होतं, ‘आमच्या गावातून आता रस्ता फक्त बाहेर जाताना दिसतो.’ मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते क्लायंटला पाठवायच्या निवडक उत्तरांच्या यादीत वर घातलं. दोनेक आठवड्यांनी ते प्रचाराच्या जाहिरातीत आलं. आणि पुढच्या फेरीत, काय सांगू, अनेकांनी तेच वाक्य स्वतःचं म्हणून लिहिलं! मग हे मत नक्की कोणाचं? मी बॉसला विचारलं. ती सिंगापूरचीच, चिनी, स्वभावाने सरळ. इथल्या ढंगात म्हणाली, “तू नंबर टाक लाह, तत्त्वज्ञान जेवताना.”

प्रश्नावलीच्या शेवटी एक रिकामी चौकट असायची: आणखी काही सांगायचंय? बहुतेक लोक ती कोरी सोडत. पण जो लिही, तो तिथे खरं लिही. वर महागाई, देश, मुलांचं भविष्य असं सगळं शहाण्यासारखं लिहिलेली एक बाई खाली लिहून गेली होती, ‘माझ्या नवऱ्याला वाटतं मी त्याच्याच उमेदवाराला मत देणार. वाटू दे.’ मी जागेवरच खुदकन हसले.

मला यात नवल वाटायला नको होतं म्हणा. लग्नाआधी मला चार स्थळांकडून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला होता. त्यातल्या एकांनी तर माझी पत्रिका मागितलीसुद्धा नव्हती! विचारणाऱ्याला वाईट वाटू नये आणि आपल्यालाही पुढे बोलावं लागू नये, म्हणून एक बिनधोक कारण पुढे करायचं, यात आपण मराठी माणसं कोणाला हार जाणार नाही.

तर हे सगळं कुतूहल मी ऑफिसात मिरवत होते, आणि घरात त्याच निवडणुकीने आमची झोप उडवली होती. नवरा तुआसला ज्या फॅक्टरीत नोकरी करतो, ती अमेरिकेसाठी पंप बनवते. एक उमेदवार परदेशी मालावर टॅरिफ, म्हणजे जादा आयातकर, लावायच्या गोष्टी करत होता. तो आला तर नवऱ्याची लाइन बंद पडण्याची भीती, आणि नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पासही गेला. अशात त्याला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. उत्तर निवडणुकीआधीच्या शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

रोज संध्याकाळी हा दारातच विचारायचा, “काय म्हणतायत तुझे लोक?”

“अरे, गुप्ततेच्या कागदावर सही केलीय मी.”

“नाव नको सांगू. नुसती मान हलव.”

मी मान हलवली नाही. खरं तर हलवायला काही नव्हतंच. इतकी उत्तरं वाचूनही कोण येणार ते मला कळत नव्हतं, आणि हे कबूल करायची लाज वाटत होती.

गुरुवारी, दिवाळीचा फराळ समोर ठेवून, त्याने वेगळाच प्रश्न विचारला. “ते जाऊ दे. तुला काय वाटतं? जायचं का पुण्याला?”

पुण्याला जायचं म्हणजे सासूबाईंच्या घरी जायचं, दुसरा पर्याय त्याच्या मनातही नव्हता. लग्नानंतरची तीन वर्षं मी त्या घरात काढली होती. बाई वाईट नाहीत. पण कपाट लावण्यापासून कुठे निघालीस इथपर्यंत प्रत्येक गोष्टीचा मला जबाब द्यावा लागायचा, आणि त्या तीन वर्षांत मी मोठ्याने हसायचं विसरले होते. मला परत तिथे जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

मी म्हटलं, “लेकीची शाळा बघ ना. पुढच्या वर्षी सहावीची मोठी परीक्षा. आता हलवलं तर तिचं नुकसान होईल.”

त्याने चकली मोडली आणि म्हणाला, “बरोबर आहे.” शुक्रवारी सकाळी त्याने पुण्याला नकार कळवला. मेल मला वाचून दाखवला. त्यात कारण लिहिलं होतं, मुलीचं शिक्षण. माझा जीव भांड्यात पडला.

बुधवारी दुपारपर्यंत निकाल लागला. टॅरिफवाला आला. ऑफिसात बॉसने सगळ्यांसाठी कॉफी मागवली आणि पुढच्या प्रोजेक्टची फाइल उघडली. मी मात्र संध्याकाळी घाबरतच घरी आले.

नवरा टेबलाशी बसला होता. ओरडला नाही, चिडला नाही. म्हणाला, “लाइनचं काय ते नव्या वर्षात कळेल. जाऊ दे. निदान पोरीसाठी तरी राहिलो.”

लेक समोर गृहपाठ करत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली. “फॉर मी? बट आय नेव्हर सेड, बाबा. मला कोणी आस्कच नाही केलं.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कामाच्या गोष्टी इतके दिवस ऐकून ऐकून तो शिकला होता. हळूच म्हणाला, “आणखी काही सांगायचंय?”

चौकट कोरी सोडता आली असती. पण पोर माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “मला त्या घरात परत राहायचं नव्हतं. शाळेचं मी निमित्त केलं.”

तो मग म्हणाला, “विचारलं होतं ना मी? तेव्हा सांगायचंस. मी तरीही नकारच कळवला असता. फक्त तिचं नाव घातलं नसतं त्यात.”

मला इतकी शरम वाटली की त्याच्याकडे बघवेना. लेक खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ आली.

“आई, बाबांचा जॉब गेला तर, इट्स नॉट बिकॉज ऑफ मी, ना?”

“नाही गं,” मी म्हटलं. “माझ्यामुळे.”