चुलीवर न चढलेला चहा

माझ्या दादानं एकदा माझ्या घरचा चहा न पिण्याची शपथ घेतली, आणि त्या शपथेतून त्याला सोडवता सोडवता मी बर्फाचा चहा करायला शिकले. ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली आणि त्यानंतरची, कारंज्याची. तिथं तेव्हा असला चहा दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. केला असता तर लोक हसले असते. आमच्याकडे गार चहा म्हणजे पाहुण्याचा अपमान आणि बिनदुधाचा चहा म्हणजे घरातलं दारिद्र्य. मी दोन्ही एकाच ग्लासात घातलं.

दादा माझ्याहून बराच मोठा. मानोऱ्याजवळच्या खेड्यात आमचं थोडं शेत होतं, ते तो करायचा. आई-बाप लवकर गेले. मला त्यानंच वाढवलं, शाळेत घातलं आणि शाळामास्तर नवरा शोधून कारंज्याला दिलं. त्यामुळे माझं माहेर म्हणजे घर नाही, शेत नाही, हा एवढा एक माणूस. तो बाजाराला कारंज्याला आला की माझ्याकडे यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि बशीतून चहा प्यायचा. बशी ओठांना लागली की असं लांब 'फुर्र' व्हायचं, की शेजारणीला कळायचं माझा भाऊ आलाय.

दुष्काळात साखर रेशनवर मिळायची, तीही मिळाली तर. एकदा दादानं दुसरा कप मागितला आणि आमचे मास्तर हसत म्हणाले, "तुमी आले का आमचा साखरीचा डबा आजारी पडते बाप्पा."

मास्तरांच्या मनात काही नव्हतं. त्यांची थट्टा नेहमी अशीच, हातातून निसटलेल्या वाटीसारखी. पण दादा त्या वर्षी आधीच भरलेला होता. शेतात काही पिकलं नव्हतं, बहिणीकडे यायचं ते रिकाम्या हातानं. त्यानं बशी खाली ठेवली.

"या घरच्या चुलीवर चढलेला चहा मी पुन्हा तोंडाले लावला, तं बापाचं नाव लावनार नाही," तो म्हणाला आणि टोपी उचलून निघून गेला. बशीतला चहा तसाच राहिला.

लोक उठता-बसता देवाशप्पथ म्हणतात, तशी ही शपथ नव्हती. आमच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर देवाची शपथही गेली. शपथ घ्यायला आम्हा दोघांना उरला तो बापच. त्याचं नाव घेऊन बोललेलं दादा मोडेल, हे शक्य नव्हतं.

आता कोणी म्हणेल, चहा पिऊ नको, नुसता ये. पण आमच्याकडे असं नुसतं येणं नसतं. ज्या घरी चहा घेतला नाही, त्या घरी गेलोच नाही असं मानतात. दादानं चहा सोडला म्हणजे माझं घरच सोडलं. तो बाजाराला यायचा तो एस्टी स्टँडवर थांबायचा आणि कोणाजवळ तरी निरोप द्यायचा. मी धावत जायची. कडुनिंबाखाली उभं राहून आम्ही बोलायचो, हॉटेलातला चहा घ्यायचो आणि त्याची गाडी लागायची. सख्ख्या भावाला परक्यासारखं स्टँडवर भेटायचं! परत येताना मला रडू यायचं, पण त्याआधी राग यायचा, दोघांचाही. घरी आल्यावर मी मास्तरांपुढे ताट आदळायची. ते मान खाली घालून जेवायचे.

मास्तरांनीच मग वातीचा स्टो आणला. मी आनंदानं स्टँडवर गेले. "दादा, आता चूल नाही. स्टोवर करीन."

"स्टो म्हनजे उभी चूलच ना व," दादा म्हणाला. "मले काय येडं समजून राह्यली?"

असंच वर्ष गेलं. पुढच्या वैशाखात एकदा चहापत्तीचा डबा तळाला लागला. धुवायचा म्हणून मी त्यात पाणी ओतलं, अंगणात ठेवला आणि विसरले. दुपारी उचलायला गेले तर डब्याला हात लाववत नव्हता आणि आत पाणी लालभडक. मी बोट बुडवून चाखलं. चहा होता, खराखुरा. आमच्याकडे त्या दिवसांत पोरांच्या अंघोळीचं पाणीसुद्धा उन्हातच तापवतात. मग चहा का नाही? चूल नाही, स्टो नाही. दादानं चुलीची शपथ घेतली होती, सूर्याची नाही.

पण तो कोमट, तुरट चहा पाहुण्याला द्यायचा कसा? मी दूध घालून पाहिलं, ते भांडी धुतलेल्या पाण्यासारखं लागलं. त्यातच लिंबू पिळलं, तर सगळं फाटलं. म्हणून दूधच काढून टाकलं. घरात पत्तीची भुकटी होती, तिचा गाळ खाली बसायचा, म्हणून दुकानात मोठ्या पानाची मोकळी पत्ती मागितली. दुकानदारानं मला खालून वर पाहिलं. "हे तं डाक्टर लोक नेतात," म्हणाला, पण पुडी बांधून दिली.

ती पत्ती मी पातळ फडक्यात सैल बांधली, आवळून बांधली तर पान उमलत नाही. लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाणी भरून त्यात सोडली आणि बरणी टिनाच्या छपरावर ठेवली. सकाळचं ऊन जरा चढलं की ठेवायची आणि ऊन कलायच्या आधी काढायची. दिवसभर राहिली तर कडू होते. पाणी गरम आहे तोवरच साखर घालायची, हे मी दोनदा फसल्यावर शिकले. मग बरणीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. शेवटी लिंबू आणि बर्फ. बर्फ लस्सीवाल्याकडे मिळायचा, लाकडाच्या भुशात पुरलेला. तो गोणपाटात गुंडाळून घरी आणेपर्यंत निम्मा माझ्या लुगड्यावर यायचा. मास्तर रोज एक ग्लास प्यायचे, रोज म्हणायचे, "कालच्याहून बरा हाय." एवढी साखर-पत्ती वाया गेली, पण त्यांनी एकदाही थट्टा केली नाही.

दादा बियाणं घ्यायला आला, तेव्हा मी स्टँडवर त्याचा हात धरला. "घरी चल. आज चूल पेटलीच नाही. खोटं वाटलं तर हात लावून पाह्य."

तो आला. मला वाटलं होतं, हात लावून पाहा हे बोलायचं म्हणून बोललं जातं. पण दादा तसाच स्वयंपाकघरात गेला, उकिडवा बसला आणि चुलीत हात घालून राख चाचपली. राख गार होती. आदल्या रात्रीच्या भाकरी आम्ही कांद्याबरोबर खाल्ल्या होत्या, मास्तरांनीसुद्धा. मग मी त्याला छपरावरची बरणी दाखवली. तो बराच वेळ डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिला.

"सूर्य काही मास्तराच्या बापाचा नाही," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

मी ग्लास दिला. त्यानं एक घोट घेतला, दात आंबले तसा चेहरा केला, दुसरा घेतला. "गोडी कमी हाय," म्हणाला. साखर अजून जपूनच वापरत होते मी. तेवढ्यात मास्तर उठले. त्या माणसानं लग्नापासून स्वयंपाकघरातला चमचासुद्धा उचलला नव्हता. ते आत गेले, साखरेचा डबा घेऊन आले आणि दादाच्या ग्लासात चमच्यामागून चमचा घालत सुटले. दादा थांबा म्हणेना आणि हे थांबेनात.

गार चहात साखर विरघळते कुठली? सगळी तळाशी बसली. दादानं चहा संपवला, मग बोट घालून साखर चाटली.

"बाई, मी चहा पिऊन राह्यलो का खाऊन राह्यलो?"

मास्तर हसले, मग दादाही हसला. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

त्यानंतर दर उन्हाळ्यात दादा यायचा. शेजारणी मला विचारायच्या, "काहून व, भावाले गार चहा देतं?" मी म्हणायची, त्याला पित्त आहे. पण मला एक गोष्ट खुपायची. ग्लासातल्या चहाला बशी लागत नाही, फुर्र होत नाही. आणि ऊन उतरलं की दादाचं येणं बंद. पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं पुन्हा कडुनिंबाखाली. माझं माहेर उन्हाळी पिकासारखं झालं होतं.

मग एका पौषात मला हिवताप आला. घरातली सगळी पांघरुणं अंगावर घालूनही दात वाजायचे. मास्तरांनी मानोऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, तर दादा उशाशी घोंगडी पांघरून बसला होता. बाहेर ऊन होतं, पण ते नावाचंच.

"काही गरम पायजे?" त्यानं विचारलं. मी चहा म्हटलं.

मास्तर चूल पेटवायला गेले आणि घरभर धूर झाला. दादा खोकत उठला. "सरका, मास्तर." फुंकणी घेऊन त्यानं चूल पेटवली, आलं ठेचलं, चहा ठेवला. मास्तर बाजूला साखरेचा डबा धरून उभे होते. त्याच चुलीवर, त्याच्या हातानं. दादानं मला उठवून बसवलं आणि कप-बशी पुढे धरली.

मी तोंड फिरवलं. "आधी तू घे."

"ताप हाय अंगात. नखरे कायले करतं?"

"तू घे, मंग मी घेईन."

त्यानं पुढे धरलेली कप-बशी मागे घेतली. मी काय मागतेय ते मला ठाऊक होतं. तापानं मला तेवढं धाडस दिलं होतं. पण मग त्याचा चेहरा पाहिला. राहू दे म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्यानं अर्धा चहा बशीत ओतला होता.

"दादा, बापाचं नाव..."

"गेलं तं गेलं," तो म्हणाला. "कोनी विचारलं, कोनाचा तू, तं सांगीन, या बाईचा भाऊ आहो."

मग बशी त्याच्या ओठांना लागली आणि इतक्या वर्षांनी माझ्या घरात फुर्र झालं.