रिकाम्या भिंतीसाठी तीन फोटो

करी रोडची आमची चाळ पाडली आणि काही वर्षांनी तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण भिंती पांढऱ्याफटक. चाळीतल्या खोलीत भिंत दिसायचीच कुठे? देव, कॅलेंडर, घड्याळ, लेकीची शाळेतली सर्टिफिकिटं आणि सगळ्यात वर चंदनाचे हार घातलेले माझे सासू-सासरे. शिफ्टिंगच्या वेळी लेकीने ते सगळं खोक्यात भरलं ते भरलंच. ती लोअर परळला इंटिरियरच्या ऑफिसात आहे. तिचं म्हणणं, हॉलला श्वास घ्यायला जागा हवी.

श्वास हा शब्दच तेव्हा मला नको झाला होता. ह्यांचा खोकला दोन महिने हटत नव्हता. छातीचा एक्स-रे काढला, मग स्कॅन केला, उजव्या फुफ्फुसावर डाग निघाला. परळच्या डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि दहा दिवस थांबा म्हणाले. लेकीला रिपोर्ट येईपर्यंत काही सांगायचं नाही, असं हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरतानाच ह्यांनी मला बजावलं. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला, म्हणाले. मी हो म्हटलं. आयुष्यात इतकं चुकीचं हो मी दुसरं कधी म्हटलं नसेल.

त्याच रविवारी लेक लॅपटॉप घेऊन बसली. हॉलसाठी तीन फोटो निवडायचे होते, मिनिमल. म्हणजे काय, तर नव्वद टक्के काहीच नाही आणि कोपऱ्यात एखादी वस्तू. पहिला, बर्फात एक झाड, त्याला एक पान नाही. दुसरा, धुक्यात एक बाकडं, त्यावर माणूस नाही. तिसरा, खाडीत एक होडी, तिच्यातही कुणी नाही. तिन्ही काळेपांढरे. मी म्हटलं, अगं, ह्यातली माणसं गेली कुठे सगळी? ती हसली. तेच तर ह्यातलं सौंदर्य, म्हणे. कसलं डोंबलाचं सौंदर्य! सुतकातलं घर वाटेल असले फोटो लावून. तिच्याजवळ हिरवी भातशेती होती, सूर्योदय होता, मी ते दाखवत राहिले. ती म्हणाली, आई, तू पडद्यांचं बघ, हे राहू दे.

हे मग चष्मा लावून पुढे आले आणि होडीवर बोट ठेवलं. लेकीला आडवा फोटो हवा होता, सोफ्याच्या लांबीचा. ह्यांनी उभाच मागितला. साधारण दीड हात उंच, त्याहून मोठा नको, म्हणाले. आमच्या घरात ह्या माणसाने आजवर स्वतःसाठी शर्टाचा रंगसुद्धा निवडला नाही. लेक खूश झाली, बाबा, तुला नजर आहे म्हणाली. मला मात्र धड बसवेना. मी उठून आत गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

फोटो गुंडाळी होऊन आले. फ्रेम करायला हेच गिरगावात घेऊन गेले. तिथे एका वाडीच्या तोंडाशी फ्रेमवाला आहे, माझ्या सासूबाईंचा फोटो त्याच्याकडेच केला होता. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले, बसने सरळ जातो नि येतो. तेवढाच बाहेर पडतोय, मन रमेल, असं वाटून मलाही बरं वाटलं.

आठव्या दिवशी तिन्ही फ्रेम घरी आल्या. लेक ऑफिसात होती आणि हे खाली फेरी मारायला गेले होते. मी कागद सोडवून फडकं मारायला घेतलं. झाड झालं, बाकडं झालं. होडीच्या फ्रेमवरून हात फिरवला तर वरच्या पट्टीला काहीतरी टोचलं. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन बारीक पितळी हुक.

ते हुक कशासाठी असतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना हार अडकवतात. जिवंत माणसाच्या फोटोला कुणी तसले हुक लावत नाही.

माझं डोकं सणकलं. फ्रेमवाल्याने काळापांढरा उभा फोटो बघितला आणि हाताच्या सवयीने ठोकले हुक, दुसरं काय! मी फ्रेम पिशवीत घातली, टॅक्सी केली आणि गिरगाव गाठलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत त्याला फैलावर घेतलं. डोळे फुटले होते का, म्हटलं. घरात आजारी माणूस आहे, रिपोर्ट यायचाय आणि तुम्ही हाराचे हुक लावून पाठवता? तो पंचाहत्तरीचा म्हातारा माणूस. गिऱ्हाइकं जाईस्तोवर थांबला, मग स्टूल पुढे केलं.

"वहिनी, साहेबांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "एकालाच लावा म्हणाले. आणि मागची पाटी खिळ्यांनी बंद करू नका, स्क्रू लावा, म्हणजे पुढे आतला फोटो बदलता येईल."

मी फ्रेम उलटी केली. चार कोपऱ्यांना चार स्क्रू होते.

घरी कशी आले ते आठवत नाही. दार उघडंच होतं. हे सोफ्यावर बसून मोकळ्या भिंतीकडे बघत होते. मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. ती बघून त्यांना कळलंच होतं.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. "रिपोर्ट आला नाही अजून."

"अगं, तुला गुडघ्याचा त्रास," ते अगदी हळू म्हणाले. "त्या वेळी गिरगावात कुठे खेपा घालशील? आईच्या वेळी दोन दिवस फ्रेम मिळाली नव्हती. फोटो बिनफ्रेमचा पाटावर ठेवला होता, पंख्याने सारखा पडायचा. माझा काढून ठेवलाय तोही. माप बरोबर बसतं."

मला त्यांचा इतका राग आला की रडू आलं. चाळीस वर्षं ह्या माणसाला स्वतःचा डबा भरता आला नाही आणि हे मात्र त्याने एकट्याने, मला न विचारता, व्यवस्थित आवरून ठेवलं होतं. मी ओरडले. तुम्ही सगळं ठरवून मोकळे झालात, आणि मी काय करायचं ते कुठे सांगितलंय, म्हटलं. ते खोकत राहिले.

खोकला थांबला तेव्हा मला चपला काढल्याचा आवाज आला. फोटो आले म्हणून लेक ऑफिसातून लवकर निघाली होती. उघड्या दारात मघापासून उभी असणार, हातात ड्रिल मशीनची पिशवी.

"बाबा," ती म्हणाली, "त्या वेळी म्हणजे कुठल्या वेळी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला ह्यांच्या शेजारी बसवलं आणि पहिल्या खोकल्यापासून सगळं सांगितलं.