गुडघेदुखीची खोटी चिठ्ठी

"हा अस्थमा आहे, म्हणजे दमा," पनवेलच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. माझी अकरा वर्षांची तन्वी त्यांचा स्टेथोस्कोप निरखत होती, आणि मी मनात नातेवाईक मोजत होते. कुणाकुणाला हे कळता कामा नये, याची यादी.

तोवर सहा महिने आम्ही तिच्या खोकल्याचं खापर करंजाडेतल्या बांधकामांच्या धुळीवर फोडलं होतं. मग स्पायरोमेट्री झाली, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वासाची ताकद मोजायची. मॅडमनी दोन इनहेलर, म्हणजे तोंडानं ओढायचे पंप, दिले. एक रोज घ्यायचा, दुसरा धाप लागली की. हा दुसरा कायम दप्तरात हवा, असं बजावलं.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीच्या जातीला पंप? नको गो बाय. सोयरिकीच्या येलेला कोन इचारल तिला?"

अकरा वर्षांच्या पोरीची सोयरीक! पण मी तरी कुठली शहाणी? दोन्ही पंप मीच कपाटात साड्यांखाली सारले. शाळेत चिठ्ठी दिली, की तन्वीचा गुडघा दुखतो, पीटीला बसवून ठेवावे. पळली नाही तर धाप लागणार नाही, असा माझा हिशोब.

वर्षभर पोरगी बाकावर बसली. वजन वाढलं, दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना दोनदा थांबायला लागली. मैत्रिणींची कबड्डी बघून घरी येऊन माझ्यावर चिडायची. शेवटी एक दिवस ती सरळ मैदानात उतरली. दोन चढाया केल्या आणि खाली बसली. पीटीच्या सरांना माझी चिठ्ठी आठवली. ते बिचारे तिच्या गुडघ्यावर दुखण्याचा स्प्रे मारत राहिले, आणि इकडे तिला श्वास घेता येत नव्हता.

शाळेचा फोन आल्यावर मी रिक्षानं पोचले तेव्हा दवाखान्यात तिला नेब्युलायझर लावला होता, म्हणजे मास्कमधून औषधाचा फवारा. तिचे ओठ निळसर पडले होते. मला माझीच शिसारी आली.

पोरगी सावरल्यावर मॅडमनी मला धारेवर धरलं. "पंप कपाटात ठेवून दमा बरा होतो का? आणि हिला बसवून ठेवायला कुणी सांगितलं? दमा ताब्यात आला की या मुलांनी खेळलंच पाहिजे."

रोजचा पंप नियमित सुरू झाला, दुसरा दप्तरात गेला, शाळेला मी खरं सांगून माफी मागितली. महिन्याभरानं फिजिओथेरपी सुरू झाली. पहिल्या दिवशी सिक्स मिनिट वॉक टेस्ट, म्हणजे सहा मिनिटांत किती चालता येतं ते बघायचं. पुढे आठवड्यातून तीनदा व्यायाम. आधी मॅडमनी ठरवून दिलेला पंप, मग दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग सायकल. छाती आवळली की थांबायचं. मी पंप मुठीत धरून दाराशी उभी. फिजिओथेरपिस्ट हसून म्हणाल्या, "आई, तो तिच्याकडे द्या. दमा तिला आहे."

तीन महिन्यांत तन्वी न थांबता घरापर्यंत जिना चढली. वर जाऊन मलाच हाका मारायला लागली. सासूबाई गॅलरीतून रोज बघत होत्या.

मग उरणकडच्या गावात पुतण्याची हळद आली. संध्याकाळी बँड लागायच्या आधी तन्वीनं भर मांडवात पंप काढला आणि ओढला. शेजारच्या बाईनं विचारलं, "हिला काय झालाय गो?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

"दमा हाय तिला," सासूबाई म्हणाल्या. "वाईच थांबल, मंग नाचल. तू जरा जागा दे."

आणि नाचली हो! मी बघत होते, रडत होते, आणि पहिल्यांदाच तिचे श्वास मोजत नव्हते.

जेवणाच्या पंगतीला ती बाई माझ्याशेजारी येऊन बसली. इकडेतिकडे बघून अगदी कानाशी पुटपुटली, "माज्या पोराला पन हाय. कोनाला सांगू नको. तुमचा डॉक्टर कोनता?"

मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.