नथ उजवीकडे गेली

चालती वस्तू सुखानं चालू द्यायची नाही, असा काहीतरी नवस बोलूनच आमचे दाजी जन्माला आले असावेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आत्तेबहिणीचे यजमान. राहणार न्हावरे, उभी हयात कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यात फिटर. खरं सांगायचं तर हे स्थळ आधी मला आलं होतं. यवतला आमच्याकडं ते बघायला आले आणि पोहे होईपर्यंत त्यांनी कोनाड्यातला रेडिओ खोलला. मी बशी घेऊन बाहेर गेले तर नवरामुलगा तोंडात स्क्रू धरून बसलेला. मी तरी तेव्हा स्वतःला कोण समजत होते कुणास ठाऊक. चष्मा बघून नापसंत करतील म्हणून तो पिठाच्या डब्यात लपवला होता. त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलंच नाही, दिसले ते दोन काळेकुट्ट हात. असल्या हातांचा नवरा नको, असं मी फणकाऱ्यानं सांगून टाकलं. आत्तेबहिणीचे डोळे चांगले होते. तिनं नीट बघितलं आणि हो म्हणाली. रेडिओ पुढं वीस वर्षं वाजला.

त्यांच्या घरात कुठल्याच वस्तूला पाठ म्हणून नव्हती. टीव्ही, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची आतडी बाहेर. बहीण म्हणायची, "माझी पाठ तेवढी शाबूत हाय, कारण तिला स्क्रू न्हाईत." गेल्या साली ती गेली, तेव्हाही दाजींनी आपला धर्म सोडला नाही. दहाव्याला नदीकाठी आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत बसलो होतो. कावळा काही शिवेना. आणि दाजी कुठं, तर प्रवचनकारांचा कर्णा खरखरतो म्हणून बाजूला बसून तो खोलताहेत. कर्णा बंद पडला तसा कावळा आला. "माणसाचं ऐकून कंटाळला व्हता तो," एवढंच म्हणाले. रडले नाहीत. लोकांनी नावं ठेवली, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

आमच्यात माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याचा टाक देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. पण सोनाराकडं साचा एकच, म्हणून आमच्याकडच्या देव्हाऱ्यांतल्या मेलेल्या बायका सगळ्या जुळ्या दिसतात. दाजी म्हणाले, "हिला मी त्या रांगेत बसवणार न्हाई. हिचं नाक हिचंच पायजे." निवृत्तीनंतर त्यांनी पाटाएवढं एक मशीन घेतलं होतं, कंप्युटर सांगेल तसं कोरणारं. गावातल्या निम्म्या दारांवरच्या पाट्या त्यावरच निघालेल्या. बहिणीची जोडवी आटवून त्यांनी विड्याच्या पानाएवढी पट्टी करून आणली आणि भिंग धरून, फोटो बघत, चार महिने तिचा चेहरा कंप्युटरवर काढला. चार महिने लागले कारण साखरेनं एक डोळा गेला होता आणि दुसरा जात होता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

चित्र पुरं झालं आणि मशीन चालवणारं जुनं कार्ड जळालं. त्याच्यासोबतचा कंप्युटरही इतका म्हातारा की नवं काही ओळखेना. श्राद्धाला बारा दिवस. दाजींनी तळहातात मावेल असं, चित्र स्वतःच्या पोटात घेऊन कंप्युटरशिवाय चालणारं नवं कार्ड मागवलं आणि मला फोन केला, "मेव्हणीबाई, दौंडहून सकाळची यष्टी धरा. मला रंग दिसत न्हाईत." मशीनला मोटारी तीन, प्रत्येकीला वायरी चार. मी एकेक धरून रंग सांगायचा, ते चाचपून स्क्रूखाली आवळायचे. आवळताना हात जराही हलत नव्हता.

पहिल्याच मोटारीची काळी वायर आणि गडद हिरवी वायर मला सारखीच दिसली. चष्मा पर्समध्ये होता. पण दारात दोन शेजारणी उभ्या होत्या आणि मी दौंडची पाहुणी. सत्तरीतही माझ्यातली ती पिठाच्या डब्यातली पोरगी मेली नव्हती. "ही काळी," मी ठणकावून सांगितलं.

मोटारी फिरल्या. दाजींनी कान लावून ऐकलं. "आवाज सरळ हाय." आधी लाकडावर चौकोन कोरला, तो चौकोन आला. गोल कोरला, तो गोल आला. मग त्यांनी चांदीची पट्टी आवळली. पट्टी एकच होती.

दुपारी टाक निघाला. नाक तिचंच, हनुवटी तिचीच. नथ मात्र उजव्या नाकपुडीत. वायरींची अदलाबदल होऊन एक मोटार उलटी फिरली होती आणि सगळा चेहरा आरशातल्यासारखा उलटा उतरला होता. चौकोन आणि गोल उलटे झाले तरी कुणाला कळणार?

"तुम्ही गप्प म्हंजी चुकलंय," दाजी म्हणाले. टाक हातात घेऊन त्यांनी अंगठा फिरवला. कपाळ, कुंकू, नाक. नथीपाशी अंगठा थांबला.

"दाजी, पहिली वायर मी चुकीची सांगितली. चष्मा लावला नव्हता."

"व्हय. चष्म्याच्या डबीचा आवाज आला न्हाई, तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं."

मी पर्स उघडली आणि इतक्या उशिरा चष्मा लावला. "सोनाराकडून आटवून आणू. पुन्हा कोरा."

"आता कोण कोरतंय? सकाळी पट्टी आवळताना तिची कड दिसत व्हती, आता तीबी न्हाई." अंगठा नथीवरून हलला नव्हता. "ऱ्हाऊ द्या. रोज सकाळी ही आरशाम्होरं कुंकू लावायची आन् मी मागं दाढीचं पाणी घिऊन उभा. नथ ह्याच बाजूला दिसायची."

श्राद्धाला तो टाक त्या सगळ्या जुळ्या बायकांच्या शेजारी बसला. भटजींनी बघितलं आणि त्याच्यावरही अक्षता टाकल्या. दाजी देव्हाऱ्यासमोर बसले होते आणि मी देव्हाऱ्याच्या कडेला त्यांच्याकडं तोंड करून, चष्मा लावून. दाजींचं तोंड मी इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा नीट बघितलं. चांगलं होतं. कपाळ मोठं, डोळ्यांच्या कडांना हसून पडलेल्या सुरकुत्या. मी बघतेय हे त्यांना कळलं असावं, कारण ते हसले, पण माझ्याकडं बघून नाही. माझ्या जरा डावीकडं, जिथं कुणीच बसलं नव्हतं.