आधी ठराव, मग चहा

आई-वडील ऊसतोडीला जायचे, तेव्हा आमच्या घरी चहा काळाच असायचा. पुढे मी घरातली पहिली पदवीधर झाले आणि गावच्या दूध संस्थेची सचिवही. पण दूध थंड ठेवायच्या यंत्राचा विषय निघाला, की संचालक चहा पिऊन जुन्या निवडणुकीवर भांडत आणि उठून जात. इकडे दूध नासत होतं.

वडिलांसोबत म्हैस घ्यायला घोडेगावच्या बाजारात गेले, तिथे एक दलाल भेटला. वडिलांचा आणि विकणाऱ्याचा हात त्याने धरूनच ठेवलेला. विकणाऱ्याने मागचा फिसकटलेला सौदा उकरला, तसा दलाल म्हणाला, "ती म्हस गेली. हिचं बोला."

वडील म्हणाले, "आधी चहा घेऊ."

"चहा पोटात गेला की मानूस उठतो, तात्या. सौदा हुऊ द्या, मग मीच पाजतो."

मला तिथंच उड्या माराव्याशा वाटल्या. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

पुढच्या बैठकीत मी चहाची किटली झाकून जवळ ठेवली.

"सचिवबाई, चहा गार व्हतोय," अध्यक्ष कुरकुरले.

"ठराव झाला की लगेच, नाना."

एकाने निवडणूक काढलीच. मी म्हटलं, "ती म्हस गेली, अण्णा. यंत्राचं बोला."

सगळे हसले, अण्णासुद्धा. ठराव झाला, यंत्र बसलं. आता आमच्या गावचं दूध नासत नाही.